घरचा भजनसंग्रह संगणकावर कसा लावावा?

अनेक साधकांच्या घरी संगणकावर भजने, अभंग, स्तोत्रे आणि प्रवचने यांचा मोठा साठा असतो. तो एका दिवसात जमलेला नसतो. काही भाग कॅसेटवरून उतरवलेला, काही सीडीवरून घेतलेला, काही ‘एकाच सीडीत दीडशे गाणी’ अशा स्वरूपात कोणीतरी दिलेला आणि अलीकडचा बराचसा मोबाइलवर आलेला. साठा वाढत जातो आणि तसतसा वापरातून जातो, हे बहुतेकांच्या अनुभवाला आले असेल. एकादशीच्या पहाटे एखादा ठरावीक अभंग लावावा असे मनात येते. संगणकासमोर बसले की ‘ट्रॅक ०७’, ‘न्यू फोल्डर २’, ‘आईचे गाणे फायनल’ अशी नावे समोर येतात. दहा मिनिटे शोधाशोध होते आणि शेवटी इंटरनेटवर जे पहिले सापडेल ते लावून आपण मोकळे होतो. ध्वनिमुद्रण घरात असते, पण नसल्यासारखेच.

हे काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. संगणकावरची मांडणी दुसऱ्यासाठी करायची असते. ज्याने संग्रह जमवला त्याला नावाशिवायही सगळे ओळखू येते. पहिल्या दोन सुरांत तो सांगतो, ‘या माणिक वर्मा,’ ‘हे पंडित भीमसेन जोशी, पण ही रेकॉर्ड जुनी आहे,’ ‘हे आपल्या मावशीच्या मंडळातले भजन.’ हे सारे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस नसला की फाइल तशीच राहते, वाजतेही. मात्र ती कोणाची, कुठली, कधीची हे सांगणारे कोणी उरत नाही. विकतच्या गाण्यांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल, कारण ती अन्यत्र मिळतात. आजीने म्हटलेल्या ओव्या, घरच्या पूजेतली आरती, गावच्या सप्ताहातले कीर्तन यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणून माहिती फाइलच्या आत लिहून ठेवणे हे या कामाचे मर्म आहे. फोल्डर, क्रम, याद्या हे सर्व त्यानंतर.

आधी एकत्र करावे, पुसू काहीच नये

संगणक, जुना लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, मोबाइल, कपाटातल्या सीडी, असे जिथे जिथे असेल तिथून सर्व काही एका हार्ड डिस्कवर आणावे. तिथे ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर करावा आणि त्यात प्रत्येक ठिकाणचा माल वेगळ्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा ठेवावा. या ‘मूळ’मध्ये नाव बदलणे, काढून टाकणे, काही म्हणजे काही करू नये. त्याची एक प्रत ‘संग्रह’ नावाने करावी आणि सर्व काम त्या प्रतीवर करावे. नीटनेटकेपणाच्या उत्साहात पहिल्याच दिवशी ‘डुप्लिकेट’ म्हणून फाइली पुसून टाकण्याचा मोह होतो. सारखे नाव असलेल्या दोन फाइलींत एक स्टुडिओतली आणि दुसरी मैफलीतली असू शकते, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

जागेची काळजी करण्याचे कारण नाही. १२८ केबीपीएस दर्जाची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते. पाच-पाच मिनिटांची १,००० भजने म्हणजे सुमारे ५ जीबी. आज बाजारात मिळणाऱ्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवरही असा संग्रह सहा वेळा मावेल.

सीडीवरून गाणी घ्यायची असतील तर ती लवकर घ्यावीत. घरी लिहिलेल्या सीडी वर्षानुवर्षे टिकतीलच याची खात्री नसते आणि सीडी वाचणारा ड्राइव्ह आता नव्या लॅपटॉपमध्ये येतही नाही.

फोल्डर थोडे, उथळ आणि एकाच तत्त्वावर

फोल्डर कशावरून करावेत, हा वाद घरोघरी होतो. एकाला गायकाप्रमाणे हवे असतात, दुसऱ्याला संतांप्रमाणे, तिसऱ्याला ‘सकाळची’ आणि ‘संध्याकाळची’ असे. तिघेही बरोबर असतात, म्हणूनच फोल्डरवर हा भार टाकू नये. एक फाइल एकाच फोल्डरमध्ये राहते. तीच फाइल तीन ठिकाणी ठेवली की तिच्या तीन प्रती होतात. एकीत दुरुस्ती केली तर उरलेल्या दोन तशाच राहतात.

आमच्या मते घरच्या संग्रहाला एवढेच पुरे: पहिल्या पातळीवर ‘प्रकाशित’, ‘घरचे ध्वनिमुद्रण’ आणि ‘प्रवचन-कीर्तन’ असे तीन फोल्डर, त्यांच्या आत प्रत्येक कॅसेट, सीडी किंवा प्रसंग यांचा एकेक फोल्डर. याहून खोल जाऊ नये. फोल्डर म्हणजे ध्वनिमुद्रण कुठून आले याची नोंद. संत कोण, गायक कोण, ते कोणत्या वेळी लावायचे, हे प्रश्न टॅग आणि याद्या सोडवतील.

घरच्या प्रसंगांच्या फोल्डरला नाव देताना तारीख आधी लिहावी आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. उदाहरणार्थ ‘२०१९-०७-१२ आषाढी एकादशी’. असे केले की कोणत्याही संगणकावर फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. प्रत्यक्ष नावात अंक मात्र इंग्रजी वापरावेत. देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले की साध्या प्लेअरमध्ये दोन वेगळे गट पडतात आणि क्रम बिघडतो.

क्रमांकाला सुरुवातीचे शून्य द्यायला विसरू नये. ‘गीतरामायण’ घ्या. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेली मालिका. ही गीते कथेच्या क्रमानेच ऐकायची असतात. क्रमांक न देता नुसती नावे ठेवली तर ती अक्षरक्रमाने लागतात आणि कथेची मोडतोड होते. १, २, ३ असे क्रमांक दिले तरी अनेक मोटारींतले प्लेअर १ नंतर १० वाजवतात आणि २ ची पाळी बरीच उशिरा येते. ०१ ते ५६ असे लिहिले की प्रश्न मिटतो. काही स्वस्त प्लेअर तर नावाकडे पाहतही नाहीत. पेन ड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने उतरवल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी पूर्ण फोल्डर रिकाम्या पेन ड्राइव्हवर क्रमाने पुन्हा उतरवणे हा सोपा उपाय.

टॅग: फाइलच्या आतली चिठ्ठी

घरात लोणच्याच्या बरणीवर आपण कागद चिकटवतो. फाइलचे नाव हा तसा बाहेरचा कागद आहे. फाइल मोबाइलवरून पाठवताना तो अनेकदा गळून पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून आलेल्या फाइलीला तारीख आणि क्रमांक यांचे एक नवेच नाव मिळते आणि मूळ नाव दिसेनासे होते. (हीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर नाव टिकते. ज्यांना भजने पाठवायची सवय आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी इतरांचे बरेच श्रम वाचतील.) टॅग मात्र फाइलच्या पोटात असतो. नाव बदलले, फोल्डर बदलला, संगणक बदलला तरी तो सोबत जातो.

एमपीथ्री फाइलीतल्या या चिठ्ठीला आयडी३ टॅग म्हणतात. तिची पहिली आवृत्ती फार तोकडी होती. एकूण १२८ बाइट, त्यात नावाला ३० अक्षरांची जागा आणि देवनागरीची सोयच नाही. जुन्या फाइलींत गाण्याचे नाव अर्ध्यावर तुटलेले दिसते त्याचे एक कारण हे. नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोड आले आणि मराठीत हवे तेवढे लिहिता येऊ लागले. विंडोजवर फाइलीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डीटेल्स’मध्ये गेल्यास हा टॅग दिसतो आणि तिथेच बदलताही येतो. फाइली शेकडो असतील तर ‘एमपीथ्रीटॅग’ हा विंडोजवरचा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. लिनक्सवर ‘किड३’ आहे. त्यात पन्नास फाइली एकदम निवडून सर्वांना एकच गायक किंवा एकच अल्बम लिहिता येतो. फाइलींची नावे आधीच नीट असतील तर त्यांवरून टॅग भरून घेता येतात आणि टॅगवरून नावेही.

टॅगचे रकाने आपल्या भजनांसाठी कोणी आखलेले नाहीत. गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, साल ही रचना सिनेमाच्या आणि पॉप गाण्यांच्या सोयीची. आपल्याकडे अभंग एका संताचा, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. एकच पसायदान घरात चार आवाजांत असते. लता मंगेशकरांनी हृदयनाथांच्या चालीत गायलेले एक, हरिपाठाच्या कॅसेटमधले एक, शाळेच्या मुलांनी म्हटलेले एक आणि घरच्या ज्ञानेश्वरी पारायणाच्या समाप्तीचे एक. चौघांचेही नाव नुसते ‘पसायदान’ असेल तर यादी पाहून काही कळणार नाही.

म्हणून रकाने असे वापरावेत. ‘टायटल’मध्ये रचनेचे नाव आणि लगेच रचनाकार: ‘पसायदान – संत ज्ञानेश्वर’. रचनाकारासाठी वेगळा रकाना आहे, पण तो बहुतेक प्लेअर दाखवत नाहीत. टायटल सगळीकडे दिसते. ‘आर्टिस्ट’मध्ये गायक. ‘कंपोझर’मध्ये संगीतकार. पारंपरिक चाल असेल तर तसे लिहावे, रिकामे सोडू नये. ‘जॉनर’ या रकान्यात संगणक आपल्या मनाने ‘पॉप’ किंवा ‘अदर’ असे काहीतरी लिहून ठेवतो. तिथे अभंग, गौळण, भारूड, आरती, स्तोत्र, भक्तिगीत, कीर्तन असा प्रकार लिहावा. ‘कॉमेंट’ हा रकाना मोकळा असतो. राग ठाऊक असेल तर तो, ध्वनिमुद्रण कुठून मिळाले ते आणि आपल्याला जी शंका असेल ती तिथे लिहावी. ‘आवाज बहुधा अमक्यांचा, खात्री नाही’ असे लिहिणे हे चुकीचे नाव ठामपणे लिहिण्यापेक्षा फार बरे.

रचनाकार लिहिताना सावध राहावे, कारण आपल्या सवयी इथे फसवतात. ‘इंद्रायणी काठी’ ही रचना पुष्कळ घरांत संतांच्या अभंगांच्या फोल्डरमध्ये सापडते. ती ग. दि. माडगूळकरांची आहे; १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी पु. ल. देशपांडे यांच्या संगीतात भीमसेनजींनी ती गायली. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही गदिमांचेच, ‘झाला महार पंढरीनाथ’ या १९७० च्या चित्रपटातले. भक्तीच्या दृष्टीने त्यांत काही उणे नाही. वारीत, भजनात ती आपल्या हक्काने गायली जातात. तरीही जे ज्याचे आहे ते त्याच्या नावावर लिहावे. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा आहे का, हे ऐकून मगच संतांचे नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

अशीच दुसरी बाजू. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि गुरुद्वारांत ती कीर्तनात गायली जातात. दिल्ली-पंजाबकडे राहणाऱ्या मराठी साधकांच्या संग्रहात अशी ध्वनिमुद्रणे हटकून असतात आणि ती ‘पंजाबी’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतात. टायटलमध्ये ‘संत नामदेव’ लिहिले की शोधताना पंढरपूरचा अभंग आणि तिकडचे पद शेजारी शेजारी येतात. भीमसेनजी अभंगांबरोबर कन्नड दासपदेही गात असत, कुमार गंधर्वांनी कबीरांची निर्गुणी भजने गायली; भाषेवरून फोल्डर केले तर एकाच गायकाचे तुकडे होतात. भाषा हवी असेल तर तीही कॉमेंटमध्ये लिहिता येते.

इंटरनेटवरून टॅग आपोआप भरणारे प्रोग्रॅमही आहेत. ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हा ध्वनीचा ठसा घेऊन गाणे ओळखतो. प्रसिद्ध चित्रपटगीतांना तो उपयोगी पडेल. भजनांच्या बाबतीत त्याने सुचवलेले प्रत्येक नाव वाचून मगच स्वीकारावे, आणि घरच्या ध्वनिमुद्रणांवर तो चालवूच नये.

एक नाव, एक लेखन

संगणकाला ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा आणि माउली ही चार माणसे वाटतात. इंग्रजी लिपीत लिहिले तर गोंधळ आणखी वाढतो. कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जे-एन. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ होत असल्याने तिथून आलेल्या फाइली जी-वाय वर सुरू होतात. परिणामी एकच संत यादीत तीन-चार ठिकाणी विखुरतात आणि ‘आमच्याकडे ज्ञानेश्वरांचे फारसे काही नाही’ असा समज होतो.

यावर उपाय साधा आहे. एका वहीत किंवा संग्रहातच ठेवलेल्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत नावांची यादी करावी: संत ज्ञानेश्वर, संत नामदेव, संत जनाबाई, संत एकनाथ, संत तुकाराम, समर्थ रामदास आणि त्याचप्रमाणे गायकांची नावे. टॅग भरताना याच यादीतून नाव उचलून चिकटवावे, हाताने पुन्हा टंकलेखन करू नये. ‘पं.’ की ‘पंडित’, ‘माउली’ की ‘माऊली’ हे एकदा ठरवावे. कोणते शुद्ध यावर घरात वाद झाला तरी हरकत नाही. संगणकाला फक्त एकसारखेपणा हवा.

लिपी कोणती? टॅगसाठी निःसंकोच देवनागरी. विंडोज १० आणि त्यानंतरच्या संगणकांत मराठी कळफलक आधीच असतो, भाषेच्या सेटिंगमधून तो सुरू करावा लागतो. फाइलच्या नावाबाबत मात्र घर पाहून ठरवावे. आजकालचे संगणक आणि मोबाइल देवनागरी नावे व्यवस्थित दाखवतात. मोटारीतले आणि मंदिरातल्या ध्वनिवर्धकाला जोडलेले स्वस्त प्लेअर तीच नावे चौकटी-चौकटींत दाखवतात. अशा ठिकाणी संग्रह न्यायचा असेल तर फाइलचे नाव इंग्रजी लिपीत छोटे ठेवावे आणि मराठीचा सगळा संसार टॅगमध्ये मांडावा. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली जुनी नावे असतील तर ती आज निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. ती पुन्हा नव्याने लिहावी लागतात. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ, तारांकन आणि दुहेरी अवतरण ही चिन्हे विंडोज फाइलच्या नावात घेत नाही.

दर्जाविषयी थोडेसे

१२८ केबीपीएसची फाइल ३२० ची करून देणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांच्या नादी लागू नये. पाणी घातलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून दाट होत नाही. एमपीथ्री करताना ध्वनीचा काही भाग कायमचा गळतो. पुन्हा साठवताना आणखी थोडा गळतो. ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एमपीथ्री उघडून सुरुवातीच्या टाळ्या कापल्या आणि परत एमपीथ्री म्हणून ठेवले तरी हेच घडते. कापाकापी करायची असेल तर ‘एमपीथ्रीडायरेक्टकट’सारखा प्रोग्रॅम वापरावा, तो ध्वनी पुन्हा न दाबता कापतो. एकाच भजनाच्या खरोखरच दोन प्रती असतील तर मोठी आणि जुनी ठेवावी.

स्वतः नवीन काही उतरवत असाल तर एमपीथ्रीपेक्षा फ्लॅक हे स्वरूप निवडावे. त्यात काहीही गळत नाही. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला ध्वनी मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो आणि मराठी टॅगही नीट बसतात. मोबाइलसाठी त्यावरून एमपीथ्री केव्हाही काढता येते. उलट जाता येत नाही.

कॅसेट आणि घरचे आवाज

संग्रहातला खरा ठेवा इथे असतो आणि कामही सर्वांत आधी इथेच करावे, कारण फीत थांबत नाही. कॅसेट कपाटात पडून खराब होत असते, बुरशी धरते, चिकटते. विकतच्या कॅसेट बाजूला ठेवाव्यात. त्या कुठेतरी मिळतील. ज्यांच्यावर हाताने काही लिहिले आहे, किंवा काहीच लिहिलेले नाही, अशांपासून सुरुवात करावी.

चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, त्याच्या हेडफोन किंवा लाइन-आउटमधून निघणारी एक वायर आणि यूएसबीला जोडायचे एक छोटे ध्वनियंत्र एवढे साहित्य लागते. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात थेट वायर खुपसली तर आवाज फाटतो. संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्रॅम पुरे. आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे. ध्वनीची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही वरच्या टोकाला भिडणार नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, घाई करता येत नाही. ते तास ऐकण्यात घालवावेत. खरखर काढण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असते, पण तिचा अतिरेक झाला की आवाजाचा प्राणही जातो. म्हणून खरखरीसह मूळ फाइल जपावी आणि स्वच्छ केलेली वेगळी ठेवावी.

त्यानंतरचे काम संगणकाचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ते ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि विचारावे: हा आवाज कोणाचा? पेटीवर कोण? कोणत्या घरी, कोणत्या निमित्ताने? मागे कुकरची शिट्टी वाजते ती कोणाच्या स्वयंपाकघरातली? त्यांची उत्तरे कॉमेंटमध्ये, त्यांच्याच शब्दांत लिहावीत. त्यांना सगळे एका बैठकीत आठवणार नाही. आठ दिवसांनी दुपारच्या चहाला आपणहून काहीतरी सांगतील, तेही त्यात घालावे. जमल्यास हे संभाषणच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.

नोंद किती काटेकोर असू शकते याचे एक मोठे उदाहरण आपल्या भाषेत आहे. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद आहे. त्यामुळे ती ओवी ‘लोकगीत, पारंपरिक’ एवढ्यात संपत नाही. ती एका बाईची राहते. आपल्या घरच्या चार कॅसेटींना एवढी नोंद करणे अवघड नाही. ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात ‘आजी’ असे लिहू नये. नातवंडांच्या मुलांना ती आजी कोणती हे कळणार नाही. पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि साल लिहावे. साल नक्की नसेल तर ‘१९८० च्या सुमारास’ हेही चालते.

वेळेनुसार याद्या

टॅग नीट झाले की सकाळची आणि संध्याकाळची भजने वेगळी करण्याचा प्रश्न सहज सुटतो. कोणत्याही प्लेअरमध्ये प्लेलिस्ट करता येते. प्लेलिस्ट म्हणजे फाइली कुठे आहेत याची यादी. तिच्यात गाणी नसतात, त्यामुळे जागा जात नाही आणि एकच अभंग काकड्याच्या यादीतही असू शकतो आणि एकादशीच्याही. यादी साठवताना ‘एमथ्रीयू८’ हा प्रकार निवडावा म्हणजे मराठी नावे बिघडत नाहीत. याद्या संग्रहाच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि एकदा याद्या केल्या की फाइली हलवू नयेत, नाहीतर यादीला त्या सापडत नाहीत.

वाटणे आणि जपणे

संतांची वाणी सर्वांची आहे, पण तिचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण सर्वांचे नसते. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. विकत घेतलेली सीडी स्वतःच्या ऐकण्यासाठी संगणकावर ठेवणे निराळे आणि तिच्या प्रती काढून वाटणे निराळे. घरच्या ध्वनिमुद्रणांबाबतही ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या कुटुंबाला विचारूनच ती बाहेर द्यावीत.

एक हार्ड डिस्क म्हणजे संग्रह जपला असे होत नाही; ती कधीतरी बंद पडतेच. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी. मोबाइलशी आपोआप जुळणारी इंटरनेटवरची साठवण ही पूर्ण अर्थाने प्रत नव्हे, कारण इकडे चुकून पुसले की तिकडचेही जाऊ शकते. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी असतो, वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी नाही. दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा लेकीकडे एक बाहेरची हार्ड डिस्क देऊन ठेवणे सर्वांत सोपे. तिच्यावर संग्रह कोणाचा, केव्हा उतरवला आणि नावांची यादी कोणत्या फाइलीत आहे, हे लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवावी. वर्षातून एकदा, दिवाळीला माणसे येतात-जातात तेव्हा, ती डिस्क मागवावी, नवे भरावे, घरच्या ध्वनिमुद्रणांतल्या चार-पाच फाइली शेवटपर्यंत वाजवून पाहाव्यात आणि परतीच्या फराळाच्या डब्याबरोबर ती पुन्हा त्यांच्या हाती द्यावी.